शिंपल्यावरच्या रेघा, त्याचं वय आणि त्याचं म्हातारपण

प्रश्न थोडक्यात असा आहे: देवगडला तुमची आजी शिवल्या (म्हणजे तिसऱ्या, खाडीतले खायचे शिंपले) धुताना सांगायची, ‘जेवढ्या रेघा तेवढी वर्षं’. आता तुमच्या वाचनात आलं की आइसलँडजवळ ५०७ वर्षांचा शिंपला सापडला होता आणि काही शिंपले म्हणे म्हातारेच होत नाहीत. हे खरं का, आपल्या तिसऱ्याही तशाच का, माणसाला त्यातून काही घेता येईल का, आणि ते खाऊन आयुष्य वाढेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी चार वर्षं उत्तर अटलांटिकातले शिंपले कापून त्यांची वयं मोजली आणि त्यानंतरची बरीच वर्षं रत्नागिरीकडच्या खाड्यांतल्या तिसऱ्यांवर काम केलं. तेव्हा दोन्हीकडचं थोडंफार सांगू शकते. पण आधी एक गाठ सोडवून घेऊ. ‘खूप वर्षं जगणं’ आणि ‘म्हातारं न होणं’ या दोन गोष्टी आपण एकच धरतो. त्या एक नाहीत, आणि बातम्यांमधला सगळा घोळ तिथेच होतो.

चहाच्या टपरीवरचे काचेचे ग्लास घ्या. ते रोज विसळले जातात, हातातून सुटतात, फुटतात. समजा महिन्याला दहातला एक फुटतो. नवा असो की वर्षाचा जुना, फुटायची शक्यता तेवढीच. म्हणजे ग्लास ‘म्हातारा’ होत नाही, तरी वर्षादोन वर्षांत बहुतेक सगळे संपतात. माणसाचं उलट आहे. तिशीनंतर दर आठेक वर्षांनी आपली मरणाची शक्यता साधारण दुप्पट होत जाते. याला जीवशास्त्रात वार्धक्य म्हणतात: वयाबरोबर मरणाची शक्यता वाढणं, प्रजननक्षमता घटणं, शरीराची दुरुस्ती मागे पडणं. वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्या केलेब फिंच यांनी १९९० मध्ये ज्या प्राण्यांत ही घसरण मोजण्याइतकी दिसत नाही त्यांच्यासाठी ‘नगण्य वार्धक्य’ ही कल्पना मांडली. शब्द नीट बघा, नगण्य म्हटलंय, शून्य नाही. अमर तर नाहीच नाही.

आता तो ५०७ वर्षांचा शिंपला. जात आर्क्टिका आयलँडिका. २००६ साली वेल्समधल्या बँगॉर विद्यापीठाच्या संशोधकांनी आइसलँडच्या उत्तरेकडच्या समुद्रतळातून जी खेप काढली त्यात तो होता. तळहातावर मावेल एवढाच. पहिली मोजणी आली ४०५ च्या आसपास, म्हणून चीनमधल्या त्या काळच्या राजघराण्यावरून वर्तमानपत्रांनी त्याला ‘मिंग’ म्हटलं. आइसलँडमध्ये त्याला ‘हाफ्रून’ म्हणतात. २०१३ मध्ये पुन्हा काटेकोर मोजणी झाली तेव्हा वय निघालं ५०७, म्हणजे जन्म १४९९ चा. शिवनेरीवर महाराजांचा जन्म झाला तेव्हा हा प्राणी १३१ वर्षांचा होता आणि वाळूत बसून पाणी गाळत होता.

मग शंभर वर्षांची चूक झाली कशी? हे सांगायलाच हवं, कारण आजीच्या वाक्याचं उत्तर यात आहे.

शिंपला कवच वाढवतो ते कडेला. ज्या काळात वाढ थांबते किंवा मंदावते तिथे बारीक गडद रेघ उरते. वरून ज्या रेघा दिसतात त्यांवर आम्ही फारसा विश्वास ठेवत नाही. शिंपला एपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट रसायनात, बसवायचा, हिऱ्याचे कण लावलेल्या पात्याने बिजागरीपासून (दोन्ही शिंपा जिथे जोडलेल्या असतात तिथून) कडेपर्यंत उभा कापायचा, बारीक बारीक पॉलिश पेपरवर घासत आरशासारखा करायचा, सौम्य आम्लात काही क्षण धरायचा. आम्ल रेघा आणि मधला भाग वेगवेगळा खातं, त्यामुळे पृष्ठभागावर सूक्ष्म उंचसखलपणा येतो. मग त्यावर अ‍ॅसिटोन आणि अ‍ॅसिटेटची पातळ फिल्म दाबून ठसा घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. एका शिंपल्यामागे एक दिवस सहज जातो. पहिल्या सहा महिन्यांत माझ्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती.

या छेदात दोन ठिकाणी मोजता येतं. बिजागरीचा भाग आत असतो, वाळूने झिजत नाही, म्हणून लोक तिथे मोजणं पसंत करतात. पण तिथे रेघा दाटीवाटीने बसलेल्या असतात. शिंपला तरुण असताना वर्षाची पट्टी रुंद असते. शंभरी ओलांडली की ती केसाच्या जाडीच्या आसपास येते, आणि बिजागरीत तर दोन-तीन रेघा एकमेकींवर चढून एकच वाटतात. मिंगचं पहिलं वय बिजागरीवरून काढलं होतं. नंतर बाहेरच्या कडेवर मोजलं तेव्हा हरवलेली वर्षं सापडली.

बरं, पण रेघ वर्षाला एकच पडते हे कशावरून? आर्क्टिकाच्या बाबतीत हे १९८० च्या सुमारास पक्कं झालं आणि नंतर अनेक अंगांनी तपासलं गेलं. त्यातली मला सगळ्यात आवडणारी तपासणी अणुचाचण्यांची. १९५० आणि ६० च्या दशकांत वातावरणात बाँब फोडले गेले, त्यातला कार्बन-१४, म्हणजे किरणोत्सारी कार्बन, समुद्रात उतरला आणि त्या वर्षांच्या कवचात अडकला. रेघा मोजून जी पट्टी १९६० च्या आसपासची वाटते तिथेच कार्बन-१४ चढायला लागलेला दिसला, म्हणजे मोजणी बरोबर. शिवाय एकाच भागातल्या शिंपल्यांच्या रुंद-अरुंद पट्ट्यांचा क्रम सारखा असतो, झाडांच्या वलयांसारखा. जिवंत शिंपल्याचा क्रम मेलेल्याच्या क्रमाशी जुळवत मागे मागे जाता येतं. आइसलँडच्या उत्तरेला असा सलग १३५७ वर्षांचा क्रम तयार झालाय, इसवी सन ६४९ पासूनचा.

आता देवगडकडे या. आजीचं वाक्य आइसलँडमध्ये बरोबर ठरलं असतं. कोकणात ते चुकतं, आणि मी स्वतः त्यात फसले आहे. परत आल्यावर पहिल्याच हंगामात खाडीच्या पुळणीतून तिसऱ्या गोळा केल्या, ठरलेल्या पद्धतीने कापल्या, ठळक रेघा मोजल्या आणि वहीत लिहिलं: सर्वात मोठी सहा वर्षांची. बरोबर आलेल्या भंडारी समाजातल्या काकी हसल्या. म्हणाल्या, “बाय, गेल्या आगोटीला हय काय एक नव्हता. सगळा वाहान गेला.” म्हणजे गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला इथे एकही तिसरी नव्हती, सगळ्या वाहून गेल्या होत्या. त्यांचं म्हणणं खरं निघालं. दुसऱ्या वर्षी मी दोनेकशे तिसऱ्यांच्या कडेला कानसीने खाच पाडून त्या जाळीच्या चौकटीत परत पुरल्या. दहा महिन्यांनी काढल्या तर खाचेच्या पलीकडे कोणाला दोन ठळक रेघा, कोणाला तीन, एकीला चार. माझी सहा वर्षांची म्हातारी दोन वर्षांचीही नव्हती.

कारण साधं आहे. उत्तरेत वर्षातून एकदा मोठा बदल होतो, त्याची एक रेघ. आपल्या खाडीत पावसाळ्यात गोडं पाणी भरतं, तिसरी तोंड मिटून बसते, वाढ थांबते: एक रेघ. पावसानंतर अंडी सोडते, शक्ती तिकडे जाते: दुसरी. एप्रिल-मेच्या उन्हात ओहोटीला पुळण तापते: कधी तिसरी. वाळू उपसणारी होडी वरून गेली, कोणी खणून परत टाकली, खेकड्याने कड चावली, तरी रेघ पडतेच. छेदात मात्र ठळक रेघांच्या मधे त्याहून बारीक रेषा दिसतात, भरती-ओहोटीच्या. उधाणाला (मोठ्या भरतीला) आणि भांगाला (लहान भरतीला) त्यांचं अंतर बदलतं, त्यामुळे त्यांचे पंधरवड्याचे जुडगे बांधलेले दिसतात. तिसरीचं वय मी आता वर्षांत मोजत नाही, हे जुडगे मोजते. आजीला चूक म्हणू नका; तिने रेघा बघितल्या हेच खूप. फक्त त्यातली ‘वर्षं’ काढून ‘संकटं’ घातलं तर वाक्य बरोबर होईल.

तर आपल्या तिसऱ्या दोन-तीन वर्षं जगतात आणि आर्क्टिका शेकडो. दोघीही वाळूत पुरून राहणाऱ्या, दोन नळ्या वर काढून पाणी गाळणाऱ्या. मग एवढा फरक का?

बहुतेक लोक पटकन म्हणतात, थंडी. थंड पाण्यात सगळं सावकाश. यात तथ्य आहे, पण पुरेसं नाही. याच आर्क्टिकाचे समूह आइसलँडपासून बाल्टिक आणि रशियाच्या श्वेत समुद्रापर्यंत आहेत. आइसलँडजवळ ते चारशे-पाचशे वर्षांपर्यंत जातात. बाल्टिकमधल्या कील उपसागरात जास्तीत जास्त वय चाळीसच्या आसपास. आणि श्वेत समुद्र, जो चांगलाच थंड आहे, तिथे पन्नाशीच्या आसपास. म्हणजे नुसत्या थंडीने काम होत नाही. बाल्टिक आणि श्वेत समुद्र या दोन्ही ठिकाणी खारटपणा कमी आणि पाणी चंचल. आइसलँडच्या शेल्फवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या समुद्रतळावर, ते बरंचसं स्थिर. माझा कल असा की शिंपल्याला मारते ती सततची उलथापालथ, आणि दीर्घायुष्य देणारी गोष्ट म्हणजे स्थैर्य. मात्र इथे एक अट घालते. या समूहांमध्ये आनुवंशिक फरकही असू शकतो, त्यामुळे सगळं श्रेय पाण्याला देता येत नाही. शिवाय ‘जास्तीत जास्त वय’ हा आकडा किती शिंपले तपासले यावर ठरतो. म्हातारे शोधायला लोक आइसलँडलाच जातात, तेव्हा विक्रमही तिथेच सापडणार. हजार शिंपले उघडणाऱ्याला पन्नास उघडणाऱ्यापेक्षा मोठा आकडा मिळतो, इतकं ते सोपं आहे.

शरीराच्या आत काय वेगळं आहे? इथे गंमत सुरू होते.

पहिली गोष्ट, आर्क्टिका अधूनमधून स्वतःहून ‘बंद’ होते. काही इंच खाली वाळूत जाते, तोंड मिटते आणि काही दिवस प्राणवायूशिवाय काढते. त्या काळात तिचा चयापचय नेहमीच्या दहाव्या हिश्शापर्यंत उतरतो. कोणी घाबरवलं म्हणून नव्हे. टाकीत शांत ठेवली तरी करते. पहिल्यांदा टाकीतली सगळी आर्क्टिका अशी गायब झालेली बघून मला वाटलं होतं पाणी बिघडलं. चार दिवसांनी एकेक नळी वर आली. श्वसनातून जे क्रियाशील ऑक्सिजनचे रेणू निघतात आणि पेशी गंजवतात, ते या सुट्टीत फारसे तयारच होत नाहीत.

दुसरी गोष्ट पेशीच्या आवरणांची. तंतुकणिकांचं, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचं आवरण चरबीचं असतं, आणि काही प्रकारची चरबी लवकर खवट होते. घरातल्या तेलांचा अनुभव तुम्हाला असेलच: जवसाचं तेल उघडं ठेवलं की लगेच वास येतो, खोबरेल वर्षभर टिकतं. वेगवेगळ्या आयुर्मानाच्या शिंपल्यांची तुलना केली तेव्हा जात जितकी दीर्घायुषी तितकं तिच्या तंतुकणिकांचं आवरण खवटपणाला जास्त दाद न देणारं निघालं, आणि आर्क्टिका त्यात सर्वांत पुढे होती. हे काम २०१२ चं. तिच्या तंतुकणिका हायड्रोजन पेरॉक्साइडही कमी सोडतात. या संपूर्ण विषयात मला सगळ्यात पटणारा पुरावा हाच वाटतो, कारण तो नुसतं ‘सावकाश जगते’ यापलीकडे जातो. गाडी हळू चालवणं वेगळं आणि पत्राच न गंजणारा असणं वेगळं. आर्क्टिकेकडे दोन्ही आहे.

तिसरी, प्रथिनं. तिच्या शरीरातली प्रथिनं युरियासारख्या रसायनात टाकली तरी अल्पायुषी शिंपल्यांच्या प्रथिनांपेक्षा जास्त वेळ आपली घडी टिकवून धरतात. आपल्या म्हातारपणी मेंदूत जे बिघाड होतात त्यातले बरेच प्रथिनांची घडी चुकल्याचे असतात, म्हणून वैद्यकाचं लक्ष इकडे आहे.

आणि एक अपेक्षित गोष्ट मात्र सापडली नाही. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर असतात, ती वयाबरोबर झिजतात आणि म्हणून आपण म्हातारे होतो, असं लोकप्रिय स्पष्टीकरण तुम्ही ऐकलं असेल. आर्क्टिकेत लहान-मोठ्या वयाच्या प्राण्यांची टेलोमिअर तपासली तर वयाशी त्यांच्या लांबीचा काही संबंधच दिसला नाही. कोणी टेलोमिअरच्या गोळ्या विकत असेल तर त्याला ही गोष्ट सांगा.

ती अजिबात म्हातारी होत नाही का? आइसलँडच्या आर्क्टिकांत पेशींचं रक्षण करणाऱ्या काही एन्झाइमांची पातळी आयुष्याच्या पहिल्या पंचवीस वर्षांत घसरते, म्हणजे वयात येण्याच्या काळात, आणि मग पुढे दीडशे वर्षं जवळपास सपाट राहते. मला हा आलेख फार विलक्षण वाटतो. आपण तारुण्यात फुलतो आणि मग उतरत जातो; ती तारुण्यात थोडी उतरते आणि मग थांबते. पण तीनशे, चारशे वर्षांच्या प्राण्यांचे नमुने इतके थोडे आहेत की सपाट रेषा पुढे तशीच जाते असं छातीठोकपणे म्हणणं घाईचं होईल. माझ्या हातून गेलेल्यांत सर्वांत जुनी दोनशेच्या पुढची होती आणि आतून ती ऐंशी वर्षांच्या शेजारणीपेक्षा वेगळी ओळखता आली नसती. यातून एवढंच सिद्ध होतं की माझ्या डोळ्यांना फरक दिसला नाही.

शिंपल्यांना रोग होत नाहीत असाही एक समज दिसतो. होतात. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मऊ कवचाच्या शिंपल्यांना रक्ताच्या कर्करोगासारखा आजार होतो, आणि २०१५ मध्ये कळलं की त्या कर्करोगाच्या पेशीच पाण्यातून एका शिंपल्याकडून दुसऱ्याकडे जातात. संसर्गजन्य कर्करोग! अजूनही वर्गात हे सांगताना मुलं मान वर करतात.

आता तिसरीने हे सगळं का नाही केलं? कारण तिला परवडलं नसतं. टपरीवरच्या ग्लासाकडे परत या. जे भांडं वर्षादोन वर्षांत फुटणारच आहे त्याला कोणी चांदीचा मुलामा देत नाही. खाडीतली तिसरी पुढच्या पावसाळ्यात वाहून जाण्याची, गुदमरण्याची किंवा एकशिपी होऊन ताटात येण्याची शक्यता एवढी मोठी, की शरीर दुरुस्त करत बसण्यापेक्षा पहिल्याच वर्षी वयात येऊन भरपूर अंडी सोडणं फायद्याचं. आर्क्टिकेला सरासरी दहाएक वर्षं वयात यायलाच लागतात. खोल, स्थिर पाण्यात, जाड कवचात, एकदा मोठी झाली की तिला मारणारं फार कोणी नाही. तिथे दुरुस्तीवर केलेला खर्च शतकभर वसूल होतो. पिल्लं दोघींचीही बहुतेक मरतात. फरक मोठ्यांच्या मरणात आहे. हा सिद्धांत सगळ्या शिंपल्यांना तंतोतंत लागू होतो असा माझा दावा नाही, पण या जोडीला चांगला बसतो.

तुमचा शेवटचा प्रश्न, खाऊन आयुष्य वाढेल का. नाही. पोटात गेलं की प्रथिनाची घडी किती पक्की होती याला काही अर्थ उरत नाही, त्याचे तुकडेच होतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हीच आर्क्टिका कित्येक दशकं व्यापारी प्रमाणात पकडली जाते आणि सूपमध्ये चिरून घातली जाते. म्हणजे शंभरी पार केलेला प्राणी तिथल्या कित्येकांनी नकळत खाल्ला असणार, आणि त्यांच्या आयुर्मानात काही चमत्कार झालेला नाही. मला स्वतःला खटकतं ते इतकंच की अशी जात एकदा उपसली की भरून यायला पिढ्या लागतात. तिसऱ्यांचं तसं नाही. गाभोळीचा काळ सोडून खाल्ल्या तर दोन हंगामांत पुळण पुन्हा भरते.

आजीचं वाक्य स्वतः तपासायचं असेल तर दिवाळीनंतर करा, गोडं पाणी ओसरलेलं असतं. शंभरेक मध्यम तिसऱ्या घ्या, कडेला कानसीने एकच उथळ खाच, लांबी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा आणि प्लॅस्टिकच्या जाळीची चौकट करून त्यात पुरा, नाहीतर ओहोटीबरोबर फिरत जातात आणि परत सापडत नाहीत. चौकटीची जागा गावात सांगून ठेवा. माझी पहिली चौकट कोणीतरी सरळ घरी नेऊन कालवण केलं होतं. मे महिन्यात, आगोट लागायच्या आधी काढा आणि खाचेपासून कडेपर्यंतच्या ठळक रेघा मोजा. रिकामे शिंपले सापडले तर फेकू नका, ते मेले केव्हा हे त्यांच्या कडेवरच लिहिलेलं असतं. आकडे इथेच टाका, मी बघते.